कपाटातल्या डिस्कचं तापमान

उषाताईंचं पत्र येऊन चौदा महिने झाले होते. एवढ्या काळात दिगंबररावांनी त्याला मनातल्या मनात दोनशे तरी उत्तरं लिहिली असतील. कागदावर उतरली ती तीन, आणि तिन्ही दुसऱ्या ओळीवर थांबली.

पत्र नेपानगरहून आलं होतं. निळ्या शाईची दोन पानं, आणि फळ्यावर वर्षानुवर्षं लिहून घोटलेलं असावं तसं अक्षर. दिगंबररावांना ते आता पाठ झालं होतं.

‘आदरणीय दिगंबरकाका यांस, उषाचा सा. न. मी सोजरबाईंची मुलगी. अठ्ठ्याण्णव साली श्रावणात तुम्ही टेपरेकॉर्डर घेऊन आमच्या गावी आला होतात आणि आईची कानबाईची गाणी भरून नेली होती, ते आठवत असेल. आई आता माझ्याकडे असते. दोन वर्षांपूर्वी तिला अर्धांगाचा झटका आला. समजतं सगळं, ऐकूही येतं, पण वाचा गेली. गाण्यांची काळजी नाही, ती आम्हा बहिणींना पाठ आहेत. पण आई बोलायची कशी, तेच मला आठवेनासं झालंय. तिचं साधं बोलणं घरात कुठेही भरून ठेवलेलं नाही. तुमच्या टेपेत ती दोन वाक्यं जरी बोललेली असली, तरी तेवढी मला पाठवाल का? तिलाही ऐकवायची आहेत. ती ऐकू शकते तोवर.’

शेवटच्या चार शब्दांनी दिगंबररावांची झोप उडवली होती. त्यांच्या बायकोचं, मंगलाबाईंचं, म्हणणं सरळ होतं. “नेपानगर काय सातासमुद्रापार आहे का? गाडीत बसलं की अर्ध्या तासात माणूस उतरतो. जाऊन सांगा काय ते.”

पण सांगायचं काय, हीच तर अडचण होती. सोजरबाईंचा आवाज दिगंबररावांकडे होता खरा. तो अजून आहे की आपल्या हातून गेला, हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक करून घ्यायची हिंमत होत नव्हती.

दिगंबरराव छत्तीस वर्षं बऱ्हाणपूरच्या शनवाऱ्यातल्या मराठी वाचनालयाचे ग्रंथपाल होते. राज्यांच्या सीमा नव्यानं आखल्या गेल्या तेव्हा बऱ्हाणपूर मध्य प्रदेशात राहिलं आणि गावातली मराठी घरं गावातच राहिली. त्या घरांच्या वाचनावर वाचनालय पुढं कितीतरी वर्षं तगलं. मग वाचणारे म्हातारे झाले, नातवंडं हिंदी शाळांत गेली, आणि दोन हजार सोळा साली वाचनालय गावातल्या दुसऱ्या एका मोठ्या ग्रंथालयात विलीन झालं. विलीनीकरणाच्या वेळी माणसं आली, पुस्तकं मोजून घेऊन गेली, कपाटं नेली, भिंतीवरचं घड्याळसुद्धा नेलं. राहिलं ते एक खोकं, एकशे बारा कॅसेटींचं. तापीकाठच्या गावांतून फिरून दिगंबररावांनी बायांची गाणी आणि कहाण्या भरून आणल्या होत्या त्या. “याची नोंद आमच्या यादीत बसत नाही,” असं म्हणून त्या माणसांनी खोकं त्यांच्याकडे सरकवलं. दिगंबररावांनी ते रिक्षात घालून घरी आणलं.

मुळात हा माणूस बुजरा, आणि त्यातून स्वतःवर भरवसा म्हणून नाही. वाचनालयात पावती फाडली की खालच्या कार्बनवर उमटलं का, हे ते कागद उचलून पाहायचे. आणि पाहिलं ते बरोबर पाहिलं का, म्हणून पुन्हा उचलायचे. पण कामाला चिवट होते. निवृत्तीनंतर पुस्तकं वाचवाचून त्यांनी त्या सगळ्या कॅसेटी संगणकावर उतरवल्या. जुन्या फिती इतक्या जीर्ण होत्या, की एकदा उतरवल्यावर पुन्हा वाजण्याजोग्या राहिल्या नाहीत. मग त्या एका जागी सुरक्षित राहाव्यात म्हणून गावातल्याच लालबागला संगणक दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या सुरेशकडून घरातच एक सर्व्हर बसवून घेतला. चपलांच्या खोक्याएवढी काळी पेटी आणि तिच्या पोटात ओळीनं चार डिस्क. घरात सगळे त्याला पेटीच म्हणत. सुरेशनं समजावून दिलं होतं, की सगळा मजकूर या चौघींत अशा बेतानं वाटलेला असतो, की एखादी बंद पडली तरी बाकीच्या तिघी मिळून तिचा वाटा पुन्हा उभा करतात. दोन गेल्या, तर मात्र सगळंच गेलं.

दोन हजार एकवीस साली तिसरी डिस्क खरंच बंद पडली. सुरेशनं ती काढली, तिथं नवी बसवली, दोन दिवस पेटी घुमत राहिली आणि सगळं जागेवर आलं. “सर, आता पाच वर्षं बघायला नको,” जाताना तो म्हणाला. “फक्त हात लावू नका.”

आणि दिगंबररावांनी हात लावला. दोन वर्षांनी मंगलाबाई दसरा काढत होत्या. सबंध घर अंगणात आलं होतं, भांडी, गाद्या, डबे, देवाच्या तसबिरी. ज्याच्या त्याच्या हातात फडकं होतं. नुसतं बसून राहणं दिगंबररावांना बरं वाटेना. फळी पुसायची तर आधी पुस्तकं खाली काढायची, अशी त्यांच्या हाताला सवय. त्यांनी पेटी बंद केली, चारही डिस्क बाहेर ओढल्या, मऊ कुंचल्यानं धूळ झाडली आणि परत बसवल्या. बसवून झाल्यावर मनात आलं, दुसरी आणि तिसरी अदलाबदल तर नाही ना झाली? तेवढी शंका पुरली.

दिवाळीनंतरच्या आठवड्यात उषाताईंचं पत्र आलं. सोजरबाईंची टेप काढायची म्हणून ते संगणकासमोर बसले. एरवी ते थेट फोल्डर उघडत. त्या दिवशी, दसऱ्याची शंका मनात होती म्हणून, त्यांनी पेटीचं डिस्कांचं पान पहिल्यांदाच उघडून पाहिलं. चार ओळी होत्या. तीन हिरव्या आणि तिसऱ्या क्रमांकाची लाल. तिच्यासमोर ‘बिघाड’ असं लिहिलेलं, तापमान एकेचाळीस अंश, आणि खाली सूचना, की आणखी एक डिस्क बंद पडल्यास सर्व माहिती नष्ट होईल.

त्यांनी ते पान वहीत उतरवून घेतलं. एकेक ओळ, प्रत्येक डिस्कचा लांबलचक नंबर, तापमान, सगळं. लिहून घेतल्याशिवाय त्यांना कळल्यासारखं वाटत नसे. मग पेटी बंद केली. चालू होताना डिस्कवर सगळ्यात जास्त ताण येतो, असं त्यांनी वाचलं होतं. त्यामुळे पुन्हा चालू करायची छाती होईना. सुरेशला बोलवावं, तर तो पहिला प्रश्न विचारणार, हात लावला होता का? खोटं बोलता येत नव्हतं आणि खरं सांगवत नव्हतं.

असे चौदा महिने गेले.

यंदा संक्रांतीच्या दोन दिवस आधी मंगलाबाईंनी देवघराच्या कपाटातलं लाल फडक्याचं गाठोडं खाली काढलं. फाटक्या पोथ्या, जुनी पंचांगं, रंग उडालेल्या तसबिरी त्यांच्या घरात केरात जात नसत. गाठोड्यात साठत, आणि संक्रांतीला तापीवर जायचं तेव्हा त्यांचं विसर्जन व्हायचं. गेल्या वर्षाचं पंचांग आत घालावं म्हणून त्यांनी गाठ सोडली, तर पोथ्यांच्या मधून एक जड, राखाडी वडी ठक्कन फरशीवर आली.

“हे काय?” दिगंबरराव वर्तमानपत्रातून डोकं काढून म्हणाले.

“तुमचीच आहे. ती खराब झालेली डिस्क. सुरेश भंगारात टाकून राहिला होता, मी ठेवून घेतली.”

“कशाला?”

“त्यात बायांचे आवाज आहेत ना? आवाज काय भंगारात टाकतात? पोथीबरोबर तापीत सोडू म्हटलं.”

“अगं, चार वर्षं होत आली त्याला.”

“मग? दर संक्रांतीला माझे गुडघे धरतात, नाहीतर तुमचा खोकला उभा राहतो. राहून गेलं.”

दिगंबररावांनी डिस्क उचलली. थंडीत ठेवलेल्या वरवंट्यासारखी गार होती. वस्तू हातात आली की तिच्यावरचा नंबर वाचायचा, हा त्यांचा जन्माचा शिरस्ता. चष्मा कपाळावर सारून त्यांनी चिठ्ठी डोळ्यांजवळ नेली. नंबर लांब होता, शेवटी सात शून्य चार दोन. त्यांना माणसांचे चेहरे आठवत नसत, पण नंबर कधी विसरत नसत. हा नंबर त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिला होता.

ते उठून आत गेले आणि वही घेऊन आले. तिसरी ओळ. त्यांनी एकेका अंकावर बोट ठेवून पाहिलं. मग नेहमीप्रमाणे स्वतःवरचा विश्वास उडाला.

“मंगला, हा नंबर वाच.”

मंगलाबाईंनी वाचला.

“आता वहीतला वाच.”

“तोच तर आहे. एकच गोष्ट दोनदा काय वाचायला लावून राहिले?”

“वहीतला मी पेटीच्या पानावरून उतरवला होता. ही डिस्क पेटीत बसलेली आहे, बिघडली आहे आणि एकेचाळीस अंश तापली आहे, असं ते पान सांगत होतं.”

मंगलाबाईंनी डिस्कवर तळवा ठेवला. “ही? ही तर माझ्या देवघराच्या कपाटात होती. गारठून गेलीय बिचारी.”

दिगंबरराव खुर्चीत बसले. वाचनालयात दर मार्चला साठ्याची पडताळणी व्हायची. एक जण कपाटापाशी, दुसरा वही घेऊन टेबलापाशी. पुस्तक हातात घ्यायचं, त्याच्यावरचा नंबर पुकारायचा, वहीवाल्यानं खूण करायची. उलटं कधी करायचं नाही. वहीतलं नाव आधी वाचून कपाटाकडे पाहिलं, की नसलेलं पुस्तकही डोळे शोधून काढतात. हे त्यांनी सहा मदतनिसांना शिकवलं होतं. आणि स्वतः मात्र चौदा महिने वही वाचून रडत बसले होते.

“सुरेशचा नंबर लाव,” ते म्हणाले.

मंगलाबाईंनी त्यांच्याकडे जरा नवलानं पाहिलं आणि फोन लावून दिला. “सुरेशभाऊ,” दिगंबरराव एका दमात म्हणाले, “गेल्याच्या आदल्या दसऱ्याला मी पेटीतल्या चारही डिस्क काढून पुसल्या होत्या. तेव्हापासून पान बिघाड दाखवतंय. उद्या याल का?” पलीकडून काय उत्तर आलं ते त्यांनी नीट ऐकलंही नाही. सांगून झालं होतं, एवढंच त्यांना कळलं.

सुरेश दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास आला. चाळिशी ओलांडलेला, पोट सुटलेला, बोलायला मोकळा माणूस. पिशवीत नवी डिस्क घेऊनच आला होता.

“काकू, चहा नंतर. पहिले ऑपरेशन,” म्हणत तो पेटीसमोर मांडी घालून बसला आणि बटणाकडे हात नेला.

“चालू नका करू अजून,” दिगंबरराव म्हणाले. “आधी चारही बाहेर काढा आणि नंबर वाचा.”

“सर, त्याची काय जरूरत? स्क्रीनवर सगळे नंबर येतात ना.”

“स्क्रीनवरचे नकोत. डिस्कवरचे.”

“दसऱ्याला पुसल्या, आता संक्रांतीला पण पुसायच्या का?”

“तू काढ रे बाबा,” मंगलाबाई वही आणि पेन्सिल घेऊन पलंगावर बसल्या होत्या. “आज हे कोणाचं ऐकणार नाहीत. मला सकाळपासून कामाला लावलंय.”

सुरेशनं पहिली डिस्क काढून नंबर वाचला. मंगलाबाईंनी वहीत शोधून खूण केली. दुसरीवर खूण झाली. तिसरीचा नंबर त्यानं वाचला, तेव्हा मंगलाबाईंनी पान वरपासून खालपर्यंत दोनदा पाहिलं.

“हा नाही इथं.”

“नीट बघा काकू.”

“चारच तर ओळी आहेत. नाहीच आहे.”

“पुढची घ्या,” दिगंबरराव शांतपणे म्हणाले. चौथीवर खूण झाली. हातात चार डिस्क आल्या, वहीत खुणा तीनच झाल्या. एक ओळ कोरी राहिली होती, पडद्यावर लाल दिसलेली तिसरी.

डिस्क परत बसवून सुरेशनं पेटी चालू केली. ती घुमायला लागली तसे दिगंबररावांचे हात धोतराच्या काठाशी चाळा करू लागले, पण ते उठून गेले नाहीत. पान उघडलं. तीन हिरव्या, एक लाल. बिघाड. एकेचाळीस अंश.

“अरे यार,” सुरेश म्हणाला. “गेली सर, तिसरी गेलीच आहे. टेन्शन नका घेऊ, नवीन आणलीय. ही काढतो, ती टाकतो, दोन दिवसांत भरून जाईल.” आणि त्याचा हात तिसऱ्या खणाच्या खटक्यावर गेला.

“हात काढा.”

वाचनालयात कोणी पुस्तकाचं पान फाडताना दिसलं की दिगंबररावांचा असा आवाज निघायचा. छत्तीस वर्षांत चार-पाचदाच निघाला असेल. सुरेशचा हात जागच्या जागी राहिला.

दिगंबररावांनी टेबलावरची गार डिस्क उचलून त्याच्या तळहातावर ठेवली. “बिघडली ती ही. चार वर्षांपूर्वी तुम्हीच काढली होती. तिचा नंबर वाचा, आणि पडद्यावर तिसऱ्या ओळीत जो नंबर आहे तो वाचा.”

सुरेशनं वाचलं. पुन्हा वाचलं.

“सात शून्य चार दोन,” तो म्हणाला. “अन् हे येडं म्हणून राहिलं एकेचाळीस डिग्री.”

“कपाटातल्या डिस्कचं तापमान सांगतंय ते,” मंगलाबाई म्हणाल्या. “डॉक्टरनं मागच्या खेपेचा कागद बघून आजचा ताप सांगावा तसं.”

सुरेशला हसू आलं, पण फार वेळ टिकलं नाही. त्यानं पडद्यावर आज्ञा टाइप करायची काळी चौकट उघडली आणि पानाला बाजूला ठेवून थेट तिसऱ्या खणातल्या डिस्कलाच तपासलं. मिनिटभरात उत्तर आलं. नंबर नवा, बिघाड नाही, तापमान सत्तावीस.

“एकदम ठणठणीत आहे, सर. डिस्क बदलली तेव्हा पेटीनं नवीन डिस्क घेतली, माल भरला, सगळं केलं. फक्त या पानानं जुनी नोंद सोडली नाही. हातानं पुसावी लागते ती. अन् मी तेव्हा हे पान उघडूनच पाहिलं नाही. भरणं पूर्ण झालं, एवढं बघून घरी गेलो.” त्यानं कपाळ पुसलं. “चूक माझी आहे. आता ही चांगली डिस्क ओढून काढली असती, अन् भरता भरता दुसरी एखादी बंद पडली असती ना, तर कॅसेटी, बिसेटी सगळं गेलं असतं.”

“आणि मी दुसरी-तिसरी अदलाबदल केली असेल तर?”

“त्यानं काही होत नाही. पेटी खणावरून नाही ओळखत, नंबरावरून ओळखते. तुमच्या पुस्तकांसारखंच.”

दसऱ्यापासूनचं ओझं इतक्या साध्या वाक्यानं उतरेल, असं दिगंबररावांना वाटलं नव्हतं. थोडा रागही आला, स्वतःचा.

“लाल ओळ पुसून टाकू?” सुरेशनं विचारलं.

“ती नंतर. आधी एकसष्ट नंबरचं फोल्डर उघडा.”

फोल्डर उघडलं. सोजरबाईंच्या नावाच्या चार फाइली होत्या. दिगंबररावांनी पहिलीवर स्वतः टिचकी दिली. सुरुवातीला नुसती खरखर, मग भांड्याचा आवाज, कोंबडं, आणि मग एक खणखणीत, थोडा घोगरा आवाज खोलीत आला.

“ते मशिन बंद कर रे भाऊ पहिले. गळा बसेल आहे माझा. काय भरतो त्यात, खोकला?”

“अजून चालू नाही केलं, मावशी,” दुसरा आवाज म्हणाला. तरुण, चाचरता. तो आपला आहे हे ओळखायला दिगंबररावांना क्षण लागला. टेपरेकॉर्डरचं बटण दाबलं गेलंय, हे त्या दिवशी त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. घरी येऊन ऐकल्यावर त्यांना कोण लाज वाटली होती. गाणं सुरू व्हायच्या आधीची ती अकरा मिनिटं कापून टाकावीत, असं कितीदा मनात आलं होतं. कापताना गाण्याचा शब्द तुटेल, या भीतीनं राहून गेलं होतं.

सोजरबाई बोलत होत्या. कानबाईच्या नैवेद्याच्या रोटाचं पीठ कसं चाळलं, जावेनं मुद्दाम उशीर कसा केला, केळीच्या बागेत पाणी शिरलं तेव्हा नवरा बांधावर उभा राहून विहिरीलाच कसा शिव्या देत होता. मग चूल फुंकल्याचा आवाज आला, आणि त्या म्हणाल्या, “माझी उषी नेपानगरले मास्तरीण आहे. दिवसभर पोरांवर ओरडते अन् इथं आली का तोंड उघडत नाही. मी म्हणते, सगळं शाळेत नको सांडत जाऊ माय, माझ्यासाठी थोडं बोलणं ठेवत जाय.”

दिगंबररावांनी फाइल थांबवली. सुरेश खिडकीबाहेर पाहत होता.

“उत्तर द्यायला हवं,” दिगंबरराव म्हणाले. “पण चौदा महिने... सोजरबाई अजून...”

“आहे ती,” मंगलाबाई म्हणाल्या.

“तुला काय माहीत?”

“लालबागच्या वंदनाची नणंद नेपानगरला असते, त्याच गल्लीत. दिवाळीत विचारलं होतं, कालही फोन करून विचारलं. सकाळी ओट्यावर ऊन खात बसते म्हणे. कोणी आलं तर हातानं बसायला सांगते.” त्यांनी वही मिटली. “तुम्ही विचारायला भिऊन राहिले, म्हणून मी विचारून ठेवलं. एका घरात दोघांनी भिऊन कसं चालेल?”

“सर, मग मोबाइलवर पाठवून टाका ना,” सुरेश म्हणाला. “वंदनाताईकडून नंबर घेऊ. एक मिनिटाचं काम आहे.”

दिगंबररावांनी विचार केला. सुरेशचं चुकत नव्हतं. “फाइल तुम्ही पेन ड्राइव्हवर घाला,” ते म्हणाले. “दोन प्रती करा. चौदा महिने गप्प बसून आता नुसती एक फाइल सरकवून मोकळं होणं बरं नाही. त्यांनी मला पत्र लिहिलंय. मी पत्र लिहिणार.”

“लिहा,” मंगलाबाई म्हणाल्या. “पण आजच्या आज. पोस्टाची खिडकी चारला बंद होते. अन् दुसऱ्या ओळीवर थांबू नका.”

ते दुसऱ्या ओळीवर थांबले नाहीत. पहिला कागद मात्र फाडला. त्यात पेटी, खण, दसरा, सगळा इतिहास आला होता, आणि तो वाचताना त्यांना स्वतःलाच कंटाळा आला. दुसऱ्या कागदावर त्यांनी लिहिलं :

‘चि. सौ. उषाताई यांस, अनेक आशीर्वाद. तुमच्या पत्राला उत्तर द्यायला मी चौदा महिने लावले, याची क्षमा मागतो. तुमच्या आईंचा आवाज माझ्या हातून गेला, असं मी धरून चाललो होतो. तो गेला नव्हता. मी तपासून पाहिलं नव्हतं. एक जुनी नोंद खरी मानून बसलो, आणि तुम्हाला वाट पाहायला लावली. हे माझ्याकडून व्हायला नको होतं.

‘सोबतच्या पेन ड्राइव्हवर चार फाइली आहेत. तीनमध्ये नुसती गाणी आहेत. पहिलीत, गाण्याच्या आधी, आई अकरा मिनिटं नुसत्या बोलत आहेत. टेप चालू आहे हे तेव्हा त्यांनाही माहीत नव्हतं आणि मलाही. त्यातलं एक अक्षरही मी कापलेलं नाही. सातव्या मिनिटाला त्या तुमच्याविषयी बोलतात. ते आधी तुम्ही एकट्यानं ऐका, मग त्यांना ऐकवा.

‘दुसरी प्रत माझ्याकडे आहे. आणखी काही लागलं तर लिहा. आता उत्तर लगेच येईल.’

शेवटचं वाक्य त्यांनी पुन्हा वाचलं. जरा धीटपणाचं वाटलं. खोडावं का, म्हणून पेन खाली आलं, आणि तसंच वर गेलं. त्यांनी सही केली.

साडेतीनला ते पोस्टात पोचले. खिडकीवर स्वेटर घातलेली एक बाई होती. तिनं पाकीट दाबून पाहिलं.

“आत काय आहे?”

“पत्र, आणि पेन ड्राइव्ह.”

“स्पीड पोस्ट?”

“हो. नेपानगरला केव्हा मिळेल?”

“उद्या. सुट्टी आली तर परवा.” तिनं पत्ता वाचून संगणकात घातला. “पिन कोड बरोबर आहे ना?”

दिगंबररावांच्या जिभेवर नेहमीचं वाक्य आलं होतं, की जरा थांबा, एकदा पाहून घेतो. पत्ता त्यांनी घरून निघताना उषाताईंच्या पाकिटाशी ताडून पाहिला होता, अंक पुकारून.

“बरोबर आहे,” ते म्हणाले.

बाईनं चिकटपट्टी लावली, शिक्का मारला आणि पाकीट मागच्या पोत्यात टाकलं.